युद्धनौकांच्या तपासणीसाठी स्वतंत्र मंडळ हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेवर आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आग आटोक्यात आली, पण दुपारी नौका डाव्या अंगाला कलू लागली, सर्व प्रयत्न करूनही ती सरळ करता आली नाही आणि शेवटी धक्क्यालगतच ती कुशीवर पडली. एक नौसैनिक बेपत्ता होता. दोन दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. त्याआधी ५ डिसेंबर २०१६ रोजी याच गोदीत, याच वर्गातली आयएनएस बेटवा ही नौका सुक्या गोदीतून (ड्राय डॉकमधून) बाहेर काढताना अशीच डाव्या अंगावर कोसळली होती आणि दोन नौसैनिकांना प्राण गमवावे लागले होते. एकाच आराखड्यावर बांधलेल्या तीन भावंड नौकांपैकी दोन, शत्रूची एकही गोळी न झेलता, आपल्याच बंदरात आडव्या व्हाव्यात, ही गोष्ट समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला झोपू देत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नौदलातला नाही. व्यापारी जहाजांच्या इंजिन विभागात मी चौतीस वर्षे काढली आणि चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. नौदलाच्या आतल्या गोष्टी मला ठाऊक नाहीत आणि त्या ठाऊक असल्याचा दावाही मी करणार नाही. पण जहाज हे जहाजच असते. पंप, व्हॉल्व्ह, जनरेटर, सुकाणूची यंत्रणा, आग विझवण्याच्या पाण्याची पाइपलाइन (फायर लाइन) या गोष्टी मालवाहू जहाजावर असोत की विनाशिकेवर, त्या झिजतात, गंजतात, तुंबतात आणि कागदावर मात्र बराच काळ ठणठणीत राहतात. कागद आणि यंत्र यांच्यातले हे अंतर कोणी मोजायचे, एवढाच माझ्या पत्राचा विषय आहे.

हे अंतर म्हणजे काय, ते मी माझ्या नोकरीच्या मध्यावर, सेकंड इंजिनियर असताना शिकलो. आमचे जहाज ऑस्ट्रेलियातील एका बंदरात कोळसा भरण्यासाठी लागले होते. सकाळी आठच्या सुमारास, कोणतीही पूर्वसूचना न देता, त्या बंदराचा सरकारी सर्व्हेयर, म्हणजे जहाजे तपासणारा अधिकारी, गँगवे चढून वर आला. त्याने आधी चहा घेतला नाही, फायलीही मागितल्या नाहीत. तो सरळ म्हणाला, ‘इमर्जन्सी फायर पंप सुरू करा आणि डेकवरच्या दोन होजमधून एकाच वेळी पाणी दाखवा.’ हा पंप इंजिन रूमच्या बाहेर, स्वतंत्र जागी असतो, कारण इंजिन रूमच पेटली तर आत जाता येत नाही आणि मग तो एकच पंप जहाज वाचवू शकतो. आमच्या नोंदवहीत दर शनिवारी ‘चाचणी घेतली, समाधानकारक’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली माझी सही होती. पंपाचे डिझेल इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले. डेकवर दोन खलाशी होज धरून उभे होते. होज किंचित हलला, तोंडातून तांबूस, गंजलेले पाणी चार-पाच ओंजळी इतके आले आणि पुन्हा तो डेकवर चपटा पडला. समुद्रातून पाणी खेचणाऱ्या नळाच्या तोंडाशी असलेली जाळी शिंपल्यांनी भरून गेली होती. आम्ही दर शनिवारी इंजिन सुरू करून पाहत होतो. पाणी येते का, हे आम्ही कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. जहाज दोन दिवस अडवून ठेवण्यात आले. कंपनीला भुर्दंड बसला, मला कडक शब्दांत समज मिळाली आणि ती योग्यच होती. त्या सर्व्हेयरने त्या दिवशी आम्हा बावीस जणांचे प्राण वाचवले असावेत, असे मला आजही वाटते.

सांगण्याचा मुद्दा असा की आमच्यापैकी कोणीही खोटारडा किंवा कामचुकार नव्हता. रोजच्या कामाच्या रेट्यात माणूस यंत्राऐवजी रकाना तपासू लागतो आणि आपण तसे करतो आहोत हे त्याला स्वतःला कळत नाही. ते कळण्यासाठी बाहेरचा माणूस लागतो, जो आपल्या कंपनीचा नोकर नाही, ज्याची बढती आपल्या वरिष्ठांच्या हातात नाही आणि जो आधी कळवून येत नाही.

व्यापारी जहाजांच्या जगाने हे शहाणपण अनेक जहाजे आणि असंख्य माणसे गमावून मिळवले आहे. जहाज ज्या देशात नोंदलेले असते त्या देशाचे सर्व्हेयर ते तपासतात. आपल्याकडे मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्था, म्हणजे जहाजाची बांधणी आणि यंत्रे ठरलेल्या दर्जाची आहेत की नाहीत हे पाहणाऱ्या संस्था, दर पाच वर्षांनी त्याची सखोल तपासणी करतात. आणि शिवाय जहाज ज्या बंदरात जाईल तिथले सरकार केव्हाही येऊन ते तपासू शकते व दोष आढळल्यास अडवून ठेवू शकते. हिंदी महासागराच्या भोवतालच्या देशांनी १९९८ मध्ये अशा तपासण्यांसाठी करार केला आणि त्याचे सचिवालय आपल्या गोव्यात आहे. कोणत्या जहाजात काय दोष सापडले, ते किती दिवस अडवले गेले, याच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. सुकाणूची चाचणी घ्यायची म्हणजे ‘सुकाणू चालते का’ असे विचारायचे नसते. एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत ते २८ सेकंदांच्या आत फिरले पाहिजे आणि सर्व्हेयर हातात घड्याळ धरून उभा असतो. तेल वाहून नेणाऱ्या एखाद्या जुनाट टँकरला जो नियम लागतो, त्याच्यासारखा बाहेरच्या माणसाने घेतलेल्या परीक्षेचा नियम शेकडो तरुण नौसैनिक आणि दारूगोळा वाहणाऱ्या युद्धनौकेला मात्र लागत नाही.

आपल्या नौदलात तपासण्या होत नाहीत, असे मी मुळीच म्हणत नाही. कोचीच्या फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंग यांच्या पथकाकडून नौकांची ‘वर्क-अप’ची, म्हणजे मोहिमेवर जाण्याआधीच्या सरावाची, जी कसोटी घेतली जाते, ती किती कडक असते, हे तिथून आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरूनच कळते. ताफ्याचे वरिष्ठ अधिकारी वार्षिक तपासणी करतात, गोदीतील तज्ज्ञ यंत्रांच्या चाचण्या घेतात. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रातून तयार होऊन निघालेले तंत्रज्ञ जगातील कोणत्याही नौदलाच्या तोडीचे आहेत. पण तपासणारा, तपासला जाणारा आणि तपासणीचा निकाल वाचणारा हे तिघेही एकाच गणवेशात आणि एकाच आज्ञासाखळीत आहेत. नौका वेळेवर समुद्रात गेली पाहिजे, ही ज्याची जबाबदारी, त्याच्याच हाती नौका समुद्रात जाण्यास योग्य नाही असे सांगणारा कागद शेवटी पोचतो. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी ही रचना त्याच्यावर अन्याय करते.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १८८२ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांच्या जवळपास आधी, कायद्याने शोधले. यादवी युद्धानंतर उरलेल्या जुन्या लाकडी जहाजांच्या डागडुजीवर पैसा वाहून जात होता आणि कोणते जहाज उपयोगाचे आणि कोणते मोडीत काढायचे हे कोणी ठामपणे सांगत नव्हते. तेव्हा तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ठरवून दिले की नौदल अधिकाऱ्यांच्या एका मंडळाने शक्यतो दर तीन वर्षांतून एकदा प्रत्येक नौका तपासावी आणि सेवेस अयोग्य असलेल्या नौकांची नावे कळवावीत. ‘बोर्ड ऑफ इन्स्पेक्शन अँड सर्व्हे’ या नावाचे ते मंडळ आजही काम करते आणि तिथले खलाशी त्याला ‘इन्सर्व्ह’ म्हणून ओळखतात. मंडळाचे अधिकारी नौकेवर चढतात, तिला समुद्रात नेतात, इंजिने पूर्ण शक्तीने चालवून पाहतात, भर वेगात असताना एकदम उलट फिरवायला सांगतात, नांगर सोडून त्याचा ब्रेक साखळी धरतो का हे बघतात, तोफा चालवायला लावतात, आगीची आणि पाणी शिरण्याची कवायत घेतात. इंजिने, वीजयंत्रणा, शस्त्रे, दळणवळण, नुकसान-नियंत्रण अशा प्रत्येक विभागाला वेगळे गुण मिळतात. नौकेची यंत्रसामग्री खरोखर लढाईच्या लायकीची आहे का, याचे उत्तर आकड्यात मिळते आणि तो आकडा मागच्या तपासणीतल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी मानत नाही आणि वाचकांनीही मानू नये. २००८ मध्ये या मंडळाने ‘स्टाउट’ ही विनाशिका आणि ‘चोसिन’ ही क्रूझर लढाईस अयोग्य ठरवली आणि त्याची बातमी फुटली, तेव्हा त्या नौदलाने पुढचे अहवाल गोपनीय करून टाकले. नामुष्की टाळण्यासाठी माणसे काय करतात, ते सगळीकडे सारखेच. पण पुढे २०१७ च्या उन्हाळ्यात ‘फिट्झगेराल्ड’ आणि ‘जॉन मॅकेन’ या दोन विनाशिका दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांवर आदळल्या, सतरा नौसैनिक मेले आणि तिथल्या लोकप्रतिनिधींनी २०१८ मध्ये कायदा बदलला. तपासणीची पूर्वसूचना शक्य तितकी कमी द्यायची आणि वार्षिक अहवाल लोकांना वाचता येईल असा काढायचा, या दोन गोष्टी त्यांनी नौदलावर बंधनकारक केल्या. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती पूर्वसूचनेची अट. महिनाभर आधी तारीख कळली की शेजारच्या जहाजावरून सुटे भाग उसने आणून बसवले जातात, ग्रीसच्या निप्पलवरसुद्धा नवा रंग चढतो आणि पाहुणे गेले की उसना भाग परत जातो. हे जगातल्या कोणत्याही बंदरावरच्या कोणत्याही खलाशाला विचारा.

आणखी एक उदाहरण मला मुद्दाम द्यायचे आहे, कारण ते ब्रह्मपुत्रेच्या फार जवळचे आहे. १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगोच्या बंदरात दुरुस्तीसाठी उभी असलेली ‘बॉनहोम रिचर्ड’ ही चाळीस हजार टनांची प्रचंड नौका पेटली आणि चार दिवस जळत राहिली. शेवटी ती भंगारात काढावी लागली. नंतरच्या चौकशीत कळले की नौकेवरील अग्निशमनाच्या ठिकाणांपैकी ८७ टक्के ठिकाणे दुरुस्तीच्या निमित्ताने बंद होती आणि फेस फवारणारी यंत्रणा एका बटणावर सुरू होणार होती, पण ते बटण कोणी दाबलेच नाही. म्हणजे ज्या काळात नौकेवर वेल्डिंग चालू असते, केबल उघड्या असतात, दारे-झडपा काढलेल्या असतात, जिन्यांवरून तात्पुरत्या नळ्या आणि वायरी गेलेल्या असतात, निम्मे खलाशी किनाऱ्यावर असतात, नेमक्या त्याच काळात तिची स्वतःची आग विझवण्याची शक्ती सर्वांत कमी असते. ड्राय डॉकमधल्या रात्री मी स्वतः अनेकदा फायर लाइनच्या प्रेशर गेजकडे बघत बसलो आहे. किनाऱ्यावरून जोडलेला पाण्याचा होज कोणी दुसऱ्या कामासाठी काढला तर काटा शून्यावर येतो आणि सकाळपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे आपल्याकडे तपासणीचे स्वतंत्र मंडळ झाले, तर त्याने समुद्रावर असलेल्या नौकांइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक वेळा, दुरुस्तीत असलेल्या नौका रात्री-अपरात्री जाऊन पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आपल्या नौदलाच्या अपघातांकडे पाहिले तर त्यातले किती बंदरात किंवा बंदराजवळ घडले हे ध्यानात येते. जानेवारी २०११ मध्ये आयएनएस विंध्यगिरी मुंबई बंदराच्या वाटेवर एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पेटली आणि धक्क्यालगत बुडाली. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री सिंधुरक्षक ही पाणबुडी, रशियातून दुरुस्त होऊन परतल्यावर काही महिन्यांतच, मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन बुडाली आणि अठरा जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी सिंधुरत्न या पाणबुडीवर मुंबईजवळच्या समुद्रात धूर कोंडून दोन अधिकारी दगावले. १८ जानेवारी २०२२ रोजी आयएनएस रणवीरवर मुंबईतच स्फोट होऊन तीन नौसैनिक मरण पावले. २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या नौका आणि पाणबुड्यांचे ३८ अपघात झाल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये संसदेपुढे मांडले आणि नौदलाने सुरक्षेसाठी २०१४ मध्ये उभारलेल्या स्वतंत्र संघटनेला सरकारची मंजुरी तेव्हापर्यंत मिळालेली नव्हती, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्याआधीच्या एका अहवालात त्यांनीच दाखवले होते की २००५ ते २०१० या काळातील नौकांच्या दुरुस्त्यांपैकी फक्त १८ टक्के दुरुस्त्या वेळेत सुरू होऊन वेळेत संपल्या आणि सर्व विलंबांची बेरीज ८,६२९ दिवस भरली. नौकेचा दुरुस्तीचा काळ लांबतो तेव्हा तिच्या जागी दुसरी नौका जास्त दिवस समुद्रात राहते, तिची दुरुस्ती पुढे ढकलली जाते आणि हे दुष्टचक्र ताफाभर फिरत राहते.

सिंधुरत्नच्या दुर्घटनेनंतर त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्यांच्या त्या कृतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सुटे भाग वेळेवर न मिळणे, बॅटऱ्यांच्या खरेदीला लागणारा काळ, गोदीत रिकाम्या राहिलेल्या जागा, या गोष्टी नौदल मुख्यालयाच्या बाहेरही ठरतात. स्वतंत्र मंडळाचा अहवाल असता तर दोष नौकेच्या कप्तानाचा आहे, गोदीचा आहे, की मंत्रालयातल्या एखाद्या फायलीचा, हे तारखेसकट कळले असते. आज अपघातानंतर चौकशी समिती बसते, ती नौकेवरच्या माणसांपर्यंत पोचते आणि बहुधा तिथेच थांबते. स्वतंत्र तपासणी नौसैनिकांच्या विरोधात जाईल असे काहींना वाटते. मला तर ती त्यांची ढाल वाटते. ‘हा पंप गेले सात महिने बंद आहे, मागणीपत्र अमुक तारखेला पाठवले आहे’, असे लिहिलेला कागद तिसऱ्याच्या हातात असणे यासारखे कप्तानाचे दुसरे संरक्षण नाही.

अशी व्यवस्था आपल्याला परकी नाही. रेल्वेची सुरक्षा तपासणारे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. १९४१ मध्येच ते रेल्वे बोर्डापासून वेगळे काढण्यात आले आणि आज ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. रेल्वे चालवणाऱ्यानेच रेल्वे सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये, हे त्यामागचे साधे तत्त्व. मुंबई आणि पुण्याच्या मेट्रोचा प्रत्येक नवा टप्पा तयार होऊनही सुरक्षा आयुक्तांच्या दाखल्यासाठी थांबून राहतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल कोणी मेट्रोच्या अभियंत्यांवर अविश्वास दाखवला असे म्हणत नाही.

गुप्ततेचा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका मानत नाही. कोणत्या नौकेचे कोणते रडार बंद आहे, हे जाहीर करण्याची गरज नाही आणि तसे करणे घातक ठरेल. सविस्तर अहवाल फक्त संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला आणि संरक्षणमंत्र्यांना द्यावा. लोकांसाठी नौकांची नावे न घेता एवढेच सांगावे की वर्षभरात किती नौका तपासल्या, त्यातल्या किती पूर्वसूचनेशिवाय, अग्निशमन, सुकाणू, वीज, इंजिन अशा प्रत्येक विभागात किती उत्तीर्ण झाल्या आणि मागच्या वर्षीच्या दोषांपैकी किती अजून तसेच आहेत. यातून शत्रूच्या हाती काही लागत नाही. धक्क्याशी कुशीवर पडलेल्या युद्धनौकेचे छायाचित्र जगभर फिरते, तेव्हा मात्र बरेच काही लागते.

१५ जानेवारी २०२५ रोजी सुरत, नीलगिरी आणि वाघशीर या तीन नव्या लढाऊ नौका मुंबईत एकाच दिवशी देशाला अर्पण झाल्या. तिन्ही आमच्या माझगाव गोदीत बांधलेल्या. तो सोहळा दूरदर्शनवर पाहताना मला भरून आले होते. आमच्या वाडीतली दोन मुले आज नौदलात आहेत. त्यातला एक मला भेटला की ‘काका, तुमच्या वेळी बॉयलरला कसं करायचात’ असे विचारत बसतो. या नव्या नौका पुढची पंचवीस-तीस वर्षे खाऱ्या पाण्यात राहणार आहेत. त्यांच्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीची वेळ येण्याआधी हे मंडळ कायद्याने अस्तित्वात यावे. त्यात निवृत्त नौदल अभियंत्यांबरोबर वर्गीकरण संस्थांमधले आणि व्यापारी जहाजांवरचे अनुभवी सर्व्हेयर असावेत, त्याचा प्रमुख नौदलप्रमुखांना नव्हे तर संरक्षणमंत्र्यांना आणि संसदेला उत्तरदायी असावा आणि अग्निशमनाची चाचणी नापास झालेली नौका, मग ती समुद्रात असो की गोदीत, दोष दूर होईपर्यंत तिच्यावरचे काम थांबवण्याचा अधिकार त्याला असावा. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या ज्या खासदारांना संरक्षणविषयक स्थायी समितीत काम करण्याची संधी आहे किंवा पुढे मिळेल, त्यांनी समितीच्या बैठकीत एवढे जरी विचारले तरी सुरुवात होईल: आज रात्री मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला असलेल्या किती नौकांच्या फायर लाइनमध्ये पाण्याचा दाब आहे आणि तो शेवटचा कोणी, कधी, होज उघडून पाहिला?

आपला विश्वासू,
एक निवृत्त चीफ इंजिनियर,
रत्नागिरी